कामरगावची मेहरबी बेलनकर

कामरगावात मेहरबीला मागून सगळे 'बेलनकरीण' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि शाळेच्याच एका खोलीत पोस्टाचं कामही पाहत असे, त्यामुळे गावातल्या बहुतेकांची पूर्ण नावं मला ठाऊक. मुसलमान घरांत आडनावाचा पसारा फारसा नव्हता. शेख, खान, सय्यद, संपलं. मेहरबीचा नवरा निजामुद्दीन जात्यांना टाकी लावत, म्हणजे छिन्नीने ती पुन्हा खडबडीत करत, गावोगाव फिरायचा, तोही शेखच. एकट्या मेहरबीच्या नावाला हे बेलनकर चिकटलेलं होतं.

ते आलं एका इंग्रजाकडून. मूर्तिजापूरहून कारंज्याला रेल्वेचा रूळ टाकायचं काम निघालं तेव्हा विल्यम ब्लेंकार्थ नावाचा एक ओव्हरसीअर तिकडे आला. मजुरांच्या जिभेला ते नाव झेपेना. ब्लेंकार्थचं बेलनकार झालं आणि दोन-चार महिन्यांत बेलनकर. नव्याने कामावर येणाऱ्याला वाटायचं, साहेब बेलन नावाच्या कुठल्या तरी खेड्याचा असेल.

कामावर चुना पुरवणारा एक माणूस कामरगावचा होता. त्याची मुलगी अमीनाबी. साहेबाने तिला मागणी घातली. बापाने अट घातली, निकाह होईल तरच. काजीने साहेबाला कलमा पढवला, चार साक्षीदार बसवले आणि १९०३ साली रीतसर निकाह लागला. निकाहनाम्यावर साहेबाने इंग्रजीत पूर्ण नावानिशी सही केली. पुढच्या साली मेहरबी झाली. तिच्यानंतर दोन वर्षांनी, अमीनाबी माहेरी कामरगावला आली असताना, मुलगा झाला आणि चाळीस दिवसांनी गेला. साहेब कारंज्याहून आला, त्याने रेल्वेच्या हद्दीचा एक दगड आणवून त्यावर अक्षरं कोरून घेतली आणि पोराच्या कबरीवर उभा केला. १९०७ साली तो सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला गेला. परत आला नाही. पत्रही नाही.

अमीनाबी त्यानंतर बावीस वर्षं जगली. सरकी काढायच्या कारखान्यात कापूस निवडत जगली. ती निकाहाची बायको होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण साहेब पळाला तसं गावाने आपलं म्हणणं बदललं. 'साहेबाची ठेवलेली' हा शब्द मी स्वतः पाणवठ्यावर ऐकला आहे. तो ऐकत मेहरबी वाढली. एकदा, वय असेल दहा-अकरा, तिने असं बोलणाऱ्या एका बाईच्या डोक्यावरची घागर दगड मारून फोडली होती. मोठी झाल्यावर दगड मारायची नाही, पण बोलणं तसंच. भाजी घेताना, वाणसामान घेताना, कुणाशीही बोलताना तिचा आवाज भांडणाच्या तयारीत असायचा. लोक म्हणत, बापाचा विलायती पारा आहे. मला तेव्हाही वाटायचं, पारा विलायतेचा नाही, इथलाच आहे, आपण सगळ्यांनी मिळून चढवलेला.

१९३३च्या दिवाळीनंतर पोस्टात एक लांबट लखोटा आला. वर इंग्रजीत लिहिलेलं: 'ब्लेंकार्थ आडनावाच्या कोणाही व्यक्तीस, कारंजा, वऱ्हाड.' कारंज्याच्या पोस्टमास्तरने खाली लाल शाईने 'कामरगाव' लिहून तो माझ्याकडे धाडला होता. मी मेहरबीला बोलावून घेतलं.

ती आली, पोत्यावर बसली आणि म्हणाली, "वाचा."

पत्र विलायतेतल्या एका निवृत्त पाद्र्याचं होतं, एडमंड ब्लेंकार्थ याचं. हा मनुष्य वीस वर्षं आपल्या आडनावाचा इतिहास जमवत होता. उत्तर इंग्लंडातल्या एका डोंगराळ खोऱ्यात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका शेतावर हे नाव प्रथम सापडतं, असं त्याने लिहिलं होतं. चर्चच्या जुन्या वह्यांत ते पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीत उभ्या इंग्लंडात या नावाची फक्त त्रेसष्ट माणसं होती, आणि त्यांतली बहुतेक शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांत. थोडी कॅनडात, एक घर न्यूझीलंडात. रेल्वेच्या जुन्या यादीत त्याला वऱ्हाडात काम केलेला विल्यम सापडला होता. तिकडे या नावाचं कुणी उरलं आहे का, एखादी कबर आहे का, असल्यास सोबतचा तक्ता भरून पाठवावा, अशी विनंती होती. पत्राबरोबर एक नकाशा होता. इंग्लंडवर तांबडे ठिपके, कॅनडावर दोन, न्यूझीलंडवर एक.

"आन् आपला मुलूख?" मेहरबीने विचारलं.

मी हिंदुस्थानवर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं.

"नावाचा अर्थ काय म्हन्ते थो?"

"डोंगरमाथ्यावरचं कुंपण, असं म्हणतो. जुन्या भाषेत."

"कुंपन!" ती फिस्सकन हसली. "आन् मालकच कुंपन टाकून पयाला. लिहा मास्तर. बंदं, सारं लिहा. माह्या मायचा निकाह लिहा, काजीचं नाव लिहा, साक्षीदार लिहा. मी हाव, माहे दोन लेकरं हायेत. आमी जित्ते हाओत म्हना."

त्या दिवशी मला तिचा राग पहिल्यांदा कामाला लागलेला दिसला. दुपारभर आम्ही तक्ता भरत बसलो. तिने घरून पत्र्याची डबी आणली, तीतून निकाहनामा काढला. मी म्हटलं, कागदच पाठवू. ती म्हणाली, "अस्सल कागद त्यायच्या हातात द्याचा नाई. तुमी नक्कल करा." मी अक्षर न अक्षर उतरवलं. कबर आहे का, या रकान्यात तिच्या भावाची कबर लिहायला मी तिच्याबरोबर कबरस्तानात गेलो. बोरीच्या झाडाखाली तो दगड होता. अमीनाबीने मुलाचं नाव गुलाम ठेवलं होतं. दगडावर इंग्रजीत कोरलं होतं, एकेका शब्दावर बोट ठेवत मी वाचून दाखवलं: एडवर्ड ब्लेंकार्थ, विल्यम ब्लेंकार्थचा मुलगा, वय चाळीस दिवस.

"माह्या मायचं नाव?"

"नाही," मी म्हणालो.

"कुठीच नाई? बाजूनं पाहा."

मी दगडाच्या चारही बाजू पाहिल्या. सत्तावीस वर्षं ती दर शबेबरातीला त्या दगडाशी उदबत्ती लावत होती आणि आईचं नाव त्यावर असेल असं धरून चालली होती. पदर कमरेला खोचून माझ्यापुढे चालत गावात आली.

उत्तर यायला सात महिने लागले. आणि इथे मला माझ्याविषयी लिहायला हवं.

उत्तर सभ्य होतं. सभ्यपणामुळे जास्त ओंगळ होतं. पाद्र्याने लिहिलं होतं की विल्यम हा लांबच्या नात्याने त्याचा चुलतभाऊ निघाला. तो १९०७ साली परतला, पुढच्या वर्षी त्याचं चर्चमध्ये लग्न झालं, त्याला तीन मुलं, गावात मान होता, आठ वर्षांपूर्वी वारला. हिंदुस्थानात असताना तो अविवाहित होता, असं घरच्या कागदांवरून दिसतं. एतद्देशीय विधीला ग्रंथात जागा देता येत नाही. शिवाय नाव पुरुषाकडून चालतं, तेव्हा 'संबंधित बाई' आणि तिची मुलं यांचा विचार करण्याचं कारण नाही. मात्र कबरीच्या दगडाची माहिती मोलाची आहे. दगड ही वस्तुस्थिती आहे. मध्य हिंदुस्थानातलं या नावाचं एकमेव स्थान म्हणून तो नकाशावर घेतला जाईल. छायाचित्र काढायला माणूस पाठवत आहोत.

मी दोनदा वाचलं. मेहरबी समोर बसली होती. डोळे माझ्या तोंडाकडे.

"काय म्हन्ते?"

"विचार करतो म्हणतो," मी म्हणालो. "दगडाचा फोटो पाहिजे म्हणतो. माणूस येणार आहे फोटो काढायला."

"मंग नकाशात घेते?"

"घेतो म्हणतो."

हे खोटं नव्हतं, असं मी रात्री स्वतःला सांगितलं. ते पुरतं खोटं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून बोललो, असंही सांगितलं. खरं म्हणजे ती चिडेल आणि ते चिडणं माझ्या खोलीत, माझ्या टेबलासमोर होईल, याला मी घाबरलो होतो.

मेहरबी खूश झाली. तिला खूश झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती, म्हणून ते मला अजून खटकतं. तिने कबरीभोवतीचं गवत उपटलं, दगड घासून धुतला, भोवती चुन्याची रेघ ओढली. लेकीला, हुस्नाबानोला, हिरव्या छिटाचा कुडता शिवला. निजामुद्दीनला सांगून ठेवलं की त्या दिवशी कुठल्या गावाला जायचं नाही. पाणवठ्यावर सांगत सुटली, विलायतेच्या किताबात आमचा फोटो येऊन राह्यला. ज्या बायांनी तिच्या आईला नावं ठेवली होती त्यांना मुद्दाम सांगितलं.

डिसेंबरात अमरावतीहून एक पारशी फोटोग्राफर आला. जमशेद नाव, पन्नाशीचा, मराठी स्वच्छ बोलणारा. बैलगाडीतून पेटी उतरवून कबरस्तानात त्याने तिपाई लावली. गावातली पंधरा-वीस माणसं कुंपणाबाहेर जमली होती. मेहरबी दगडाच्या उजव्या बाजूला उभी राहिली, हुस्नाबानो डाव्या बाजूला, मागे धाकट्याला कडेवर घेऊन निजामुद्दीन.

जमशेदने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "बाई, जरा बाजूला व्हा. आधी नुसता दगड घेतो."

"मंग आमचा?"

तो गोंधळला. "मला नुसता दगड सांगितलाय."

"कोनं सांगतलं? मास्तरनं खत वाचलं, आमी किताबात हाओत."

जमशेद वाईट माणूस नव्हता. त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि खात्री करावी म्हणून पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मेहरबीने ते पाहिलं.

"काय लिहेल हाय त्याच्यात? वाचा जमशेदभाई, मोठ्यानं."

"राहू द्या ना बाई."

"वाचा म्हनते ना!"

त्याने वाचलं. मराठी करून, हळू आवाजात. फोटोत फक्त दगड असावा. जवळपासचे लोक नसावेत. विल्यमची मुलगी म्हणवणारी एक बाई तिथे आहे, ती चित्रात येणार नाही याची काळजी घ्यावी.

कुंपणापलीकडे कुणीतरी हसलं. मला वाटतं गोजराबाई हसली, पाणवठ्यावर अमीनाबीला नावं ठेवणाऱ्यांतली. मेहरबीने तिकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे आली.

"म्हनवनारी," ती म्हणाली. "मास्तर, तुमच्या खतात काय होतं?"

"हेच. थोडं जास्त."

"कायले लपोलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मले वाईट वाटन!" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते अधिक वाईट होतं. "आज बंदं गाव बोलावलं म्या इथं. पोरीले नवा कुडता घातला. सहा महिने सांगत फिरली. आता नाई वाटून राह्यलं का वाईट? तुमाले इंग्रजी येते, म्हून माह्या मायची इज्जत तुमच्या जवळ आनून देल्ली. तुमी थे तुमच्या भेवापायी झाकून ठेवली. त्या पाद्र्यात आन् तुमच्यात फरक काय?"



ती वळली. दगडाकडे बघत उभी राहिली. "चाळीस दिवसांचं लेकरू, त्यानं नाव घेतलं बी नाई आपलं, थे त्यायले चालते. मी तीस वर्सांची, हे नाव आयकून आयकून कान किटले, मी चालत नाई. मेलेलं पायजे त्यायले. जित्तं बोलते ना!" मग नवऱ्याला म्हणाली, "टाकी आना."

निजामुद्दीनची पिशवी गाडीवाटेच्या कडेला होती. तो जागचा हलला नाही. "मेहरू, कबर हाय. पाप लागंन."

"कबरीले हात लावत नाई. त्याच्या नावाले लावते."

तिने स्वतःच जाऊन टाकी-हातोडी आणली, गुडघे टेकले आणि घाव घातला. दगड काळा, कठीण. पहिला घाव घसरला आणि तिची बोटं सोलली. दुसरा बसला. कसबी हात नव्हता तो, नुसता राग होता. चिपा उडत होत्या, जमशेदच्या बुटांवर पडत होत्या. निजामुद्दीन पाचव्या-सहाव्या घावाला पुढे झाला. मला वाटलं, थांबवतो. त्याने तिच्या हातातली टाकी कलती धरून दिली. "अशी धर. उभी मारली तर तुटते." मग तो बाजूला झाला. आडनाव दोनदा कोरलेलं होतं, लेकाच्या नावापुढे आणि बापाच्या. तिने दोन्ही ठिकाणचं आडनाव फोडलं. 'एडवर्ड' राहू दिलं. 'विल्यम' फोडलं.

जमशेदने तिपाई केव्हाच मिटली होती. जाताना तो म्हणाला, "बाई, मी कळवतो की दगड सापडला नाही. कुणाला त्रास नको."

"नाई," मेहरबी म्हणाली. हात रक्ताने आणि दगडाच्या पुडीने भरला होता. "सापडला म्हना. दगड हाय, त्या लेकराची बहीन हाय, आन् बहिनीनं नाव खोडलं म्हना. असंच लिहा. कमी-जास्त नोका करू."

पुढच्या आठवड्यात मौलवीसाहेबांनी खडूने लिहून दिलं आणि निजामुद्दीनने दगडाच्या पाठीवर उर्दूत कोरलं: गुलाम, अमीनाबीचा लेक. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. अक्षरं मात्र सुरेख उतरली.

दीड वर्षाने विलायतेहून पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक आलं. पाद्र्याचा ग्रंथ. कोणी पाठवला, का पाठवला, ठाऊक नाही. बहुधा ज्यांनी तक्ते भरले त्या सगळ्यांना गेला असावा. मी ते घेऊन तिच्या घरी गेलो. या वेळी शब्द न गाळता वाचलं, आणि आधी लपवलेलं ते पत्रही. हिंदुस्थानच्या नकाशावर वऱ्हाडात एक पोकळ वर्तुळ होतं. खाली टीप: एक अर्भक, मृत, दगड तेथील लोकांनी नष्ट केला.

"लोकायनं?" मेहरबी म्हणाली. "कोन्त्या लोकायनं? म्या केला. एका बाईनं केला, लिहाले काय झालं त्याले? जमशेदभाईनं लिहलं नसन का?"

"लिहिलं असेल. त्याने घेतलं नाही."

तिने चुलीतलं लाकूड आत ढोसलं. मग म्हणाली, "उद्या हुस्नाले शाळेत घ्या."

हुस्नाबानो नऊ वर्षांची झाली होती. दुसऱ्या दिवशी आई तिला हाताला धरून घेऊन आली. मी दाखल्याची वही उघडली. मुलीचं नाव, बापाचं नाव, जात, सगळं लिहिलं. आडनावाच्या जागी थांबलो.

"शेख लिहू?"

"बेलनकर."

"मेहरबी, आडनाव बापाच्या बाजूचं लागतं. तपासणीला साहेब येतात, विचारतील."

"इचारू द्या. नाव पोरीकून पुढं जात नाई म्हन्ला ना थो? मले पाहाचं हाय कसं जात नाई. माहा नवरा इथंच हाय, इचारा त्याले."

निजामुद्दीन दाराशी बसला होता. तो म्हणाला, "शेख तं अर्धं गाव हाय मास्तर. मले काय फरक पडते."

"मग ब्लेंकार्थ लिहू? खरं नाव तेच आहे."

"थे त्यायचं," ती म्हणाली. "हे इथं झालं. बेलनकर लिहा."

मी लिहिलं. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबाने खरोखर विचारलं, मुसलमान मुलीला हे आडनाव कसं. मी म्हणालो, आईने सांगितलं. त्याने भुवई उंचावली आणि पुढचं पान उलटलं. हुस्नाबानो चार इयत्ता शिकली, पुढे अकोल्याला सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला गेली. तिथे रजिस्टरवर बेलनकर, पगाराच्या कागदावर बेलनकर. लोक तिला विचारायचे, बेलन हे गाव कुठल्या तालुक्यात. ती सांगायची, नाही असं गाव, आणि कामाला लागायची.

मेहरबीने मला माफ केलं नाही. गावाला वाटायचं, एवढी जुनी गोष्ट, आता सोडून द्यावी. मीही एकदा, लढाई संपल्याच्या वर्षी, तिला म्हणालो की माझं चुकलं होतं. ती कार्ड घ्यायला पोस्टात आली होती. "हाओ, चुकलं होतं," ती म्हणाली आणि कार्ड उचललं. मी विचारलं, लिहून देऊ का. लेकीला लिहायचं असणार. "नोको," ती म्हणाली, "तुमच्या हातचं नोको." कामरगावात अक्षर येणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ती उन्हात दीड कोस चालत गेली, शेजारच्या गावातल्या एका कारकुनाकडून कार्ड लिहवून आणलं, आणि परत येऊन माझ्या टेबलावर ठेवलं, शिक्का मारायला.